स्विफ्ट सीएनजीचं वेटिंग, हँडलिंग आणि 'पॅक घेतलात तर लवकर देतो' : भाव कुठे आणि कसा करायचा?

कृष्णाकाठ

सांगलीत स्विफ्ट व्हीएक्सआय सीएनजी घ्यायची आहे, रंग पांढरा किंवा राखाडी. सांगली-कोल्हापूर रोजचं जाणं-येणं आहे, त्यामुळे सीएनजीच हवी. हातात आलेलं कोटेशन जसंच्या तसं देतो:

एक्स-शोरूम ७,४५,०००
आरटीओ ७०,०००
विमा ४७,५००
हँडलिंग व लॉजिस्टिक ८,५००
बेसिक किट २४,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १४,०००
फास्टॅग ६००
एकूण ९,०९,६००

वेटिंग दहा ते बारा आठवडे सांगतात. पण पुढचं वाक्य असं, की बेसिक किटऐवजी ३८ हजारांचा पॅक घ्या, विमा आणि कर्ज दोन्ही आमच्याकडूनच करा, मग तीन आठवड्यांत गाडी देतो. म्हणजे गाडी कुठेतरी तयार उभी आहे. मग रांग कसली? आधी नंबर लावलेल्या माणसाला मागे ठेवून पॅकवाल्याला पुढे काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. सरकारने सोडलेले ते पैसे मॅट आणि सीट कव्हरमध्ये घालायचे का?

ज्यांनी अलीकडे गाडी घेतली त्यांनी सांगा. घासाघीस नेमकी कोणत्या ओळीवर होते? आणि वेटिंग खरं की बनावट, हे ओळखायचं कसं?

स्टेपनी

मॅट, मडफ्लॅप आणि गणपतीची मूर्ती मिळून २४ हजार? त्या मॅटवर गाडी फुकट आहे का विचारा.

हिशेबी

कृष्णाकाठ, कोटेशन दिलंत हे फार बरं केलंत. नुसतं 'ऑन-रोड किती' विचारलं की तिथेच आपण अडकतो. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, तिथे फारसं काही हलत नाही. कॉर्पोरेट, एक्स्चेंज किंवा स्क्रॅपेजची ऑफर असेल तर तेवढीच. सगळा खेळ खालच्या ओळींत आहे.

आरटीओची ओळ घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी सीएनजी गाडीवर पूर्वी ७ टक्के कर होता, १ जुलै २०२५ पासून तो ८ झाला. ७,४५,००० चे ८ टक्के म्हणजे ५९,६००. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. झाले ६१,९००. किरकोळ अधिभार आणि पोस्टेज धरलं तरी ६४ हजारांच्या पुढे जात नाही. तुमच्या कागदावर ७०,००० आहेत. वरचे सहा हजार कशाचे, हे ओळ लिहून मागा. 'एजंट चार्जेस' असं उत्तर येईल. पण नव्या गाडीची नोंदणी डीलर स्वतःच ऑनलाइन करतो. पूर्ण तयार आलेल्या गाडीला आरटीओत तपासणीला न्यावंही लागत नाही. मग एजंट कशाला?

नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला लावा. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते.

हँडलिंग ही सरकारी फी नाही. कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी आणणं हे विक्रेत्याचं काम आहे. ते साडेआठ हजार पूर्ण काढायला सांगा, निम्म्यावर तडजोड करू नका.

अनघा_कराड

हिशेबींना +१. मी गेल्या दिवाळीच्या आधी वॅगनआर सीएनजी घेतली. शोरूममध्ये गेले की सेल्सवाला माझ्याशी रंगाबद्दल बोलायचा आणि पैशांचं नवऱ्याशी. गाडी माझी, पगार माझा, कर्ज माझ्या नावावर. मी सरळ टीम लीडरला बोलावलं आणि सांगितलं, 'आकड्यांचं माझ्याशी बोला, हे चालवायला सुद्धा येणार नाहीत.' मग सूर बदलला.

मी काय केलं ते सांगते. कराड, सातारा आणि कोल्हापूर, तिन्हीकडून एकाच व्हेरियंटचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागवलं, प्रत्येक ओळ सुटी. फोनवर बोललेलं कुणी पाळत नाही, लिहिलेलं नाकारता येत नाही. एकीकडे हँडलिंग शून्य होतं, दुसरीकडे विमा कमी, तिसरीकडे किट सक्तीचं नव्हतं. तिन्ही कागद शेजारी ठेवून कराडवाल्याला दाखवले. त्याने हँडलिंग काढलं, किट काढलं, विम्यात बरेच उतरला. दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेतली तरी राज्यातल्या राज्यात नोंदणी आपल्या पत्त्यावर होते, त्यामुळे सांगलीकरांनी कोल्हापूरला विचारायला काहीच हरकत नाही.

एक मात्र खरं, आवाज चढवून काही होत नाही. समोरची मुलं विशी-बाविशीची असतात, त्यांच्या हातात फारसं नसतं. ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोला.

माजी_सेल्स

सहा-सात वर्षं शोरूममध्ये काढली, आता दुसऱ्या व्यवसायात आहे. थोडी आतली बाजू सांगतो. ती बरोबर आहे असं म्हणत नाही, पण माहीत असलेली बरी.

छोट्या गाडीवर डीलरचं मार्जिन बारीक असतं. शोरूमचं भाडं, पगार, यार्डात उभ्या गाड्यांवरचं व्याज, हे सगळं विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि वॉरंटीतून निघतं. सेल्समनचा इन्सेंटिव्हही गाडीपेक्षा या जोडवस्तूंवर जास्त. म्हणून गाडीवर पाच हजार मागितले तर चेहरा पडतो आणि विम्यात दहा हजार सहज सुटतात.

वेटिंग दोन प्रकारचं असतं. एक खरं: कारखान्यातून त्या व्हेरियंट-रंगाच्या गाड्या कमी येतात. सीएनजीचे मधले व्हेरियंट आणि पांढरा रंग यांना कायम मागणी. दुसरं वेटिंग शोरूमचं स्वतःचं. महिन्याला चार गाड्या आल्या आणि बुकिंग दहा असली, की कोणाला आधी द्यायची ते मॅनेजर ठरवतो. कृष्णाकाठ यांना जे सांगितलं गेलं ते दुसऱ्या प्रकारचं आहे.

ओळखायची खूण: 'चेसिस नंबर सांगा' म्हणा. गाडी यार्डात असेल किंवा कंपनीतून निघाली असेल तर नंबर असतो. नंबर आहे आणि तारीख देत नाहीत, म्हणजे गाडी तुमच्यासाठी नाही, पॅकवाल्यासाठी राखून ठेवलेली आहे.

कृष्णाकाठ

माजी_सेल्स, मनापासून आभार. पण जो आधी आला त्याला आधी, एवढा साधा नियम पाळला तर शोरूमचं काय जातं? भाडं-पगार मला समजतं. ते किमतीत लावा आणि उघड सांगा. रांग विकू नका.

माजी_सेल्स

तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी काम सोडलं त्याचं हेही एक कारण.

परळकर_काका

रांग विकणं नवीन नाही हो. आमच्या वेळी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. बजाजच्या स्कूटरचंही तेच. बुकिंगच्या कागदालाच भाव असायचा. नंबर लागला की लोक गाडी घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी 'ऑन', म्हणजे किमतीवर जादा पैसे, घेऊन विकायचे. आमच्या चाळीत एकाने मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून ती शाळेत असतानाच स्कूटर बुक केली होती, आणि ती लग्नाच्या सुमारास हातात आली! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हाही सुरुवातीला तेच झालं. आता निदान चार कंपन्यांच्या दहा गाड्या समोर आहेत. शोरूमवाला फार ताणत असेल तर उठून शेजारच्या शोरूममध्ये जा. आम्हाला ती सोय नव्हती.

स्टेपनी

काका, त्या मुलीचं लग्न ठरलं होतं म्हणून स्कूटर आली, की स्कूटर आली म्हणून लग्न लावलं?

परळकर_काका

मुहूर्त स्कूटरचाच धरला असावा.

मेघा_एडिसन

न्यू जर्सीतून. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईत इथेही डीलर छापील किमतीवर हजारो डॉलर जास्त लावत होते, आणि वर 'पेंट प्रोटेक्शन' सक्तीचं. तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळे एकमेकांना एकच सांगायचे: शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी ईमेलवर सगळं धरून अंतिम आकडा मागवा, आणि लागलं तर शेजारच्या राज्यातून आणा. अनघाताईंनी तेच व्हॉट्सअॅपवर केलं.

देशमुख_विटा

मेघाताई, पद्धत तीच, पण शेजारचं राज्य इथे चालत नाही. बेळगाव आम्हाला जवळ आहे, पण कर्नाटकातून गाडी आणली तर तात्पुरती नोंदणी करून परत इथे महाराष्ट्राचा कर भरायचा. त्या खटपटीत वाचलेले पैसे जातात.

कृष्णाकाठ, घरात कोणी माजी सैनिक असेल तर सीएसडी कॅन्टीनचा विचार केलात का? तिथे जीएसटी निम्मा लागतो. माझ्या सासऱ्यांनी तशीच घेतली. कागदपत्रं आणि मंजुरीला वेळ लागतो, पण वाचणारी रक्कम पॅक-किटच्या भांडणापेक्षा खूप मोठी आहे. आपल्या भागात घरटी एक फौजी असतो, विचारून बघा. मात्र गाडी त्यांच्याच नावावर राहते, ते आधी घरात नीट बोलून घ्या.

हिशेबी

आता विम्याबद्दल, कारण सगळ्यात मोठी फट तिथेच आहे. विमा अमुक कंपनीचाच आणि आमच्याकडूनच, अशी सक्ती डीलरला करता येत नाही, विमा नियामक आयआरडीएआयचे तसे नियम आहेत. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. स्विफ्टचं इंजिन १००० ते १५०० सीसीच्या गटात बसतं, तिथे २०२२ पासूनच्या दराने तो १०,६४० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. ही रक्कम कुठेही गेलात तरी तीच. उरतो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा आणि त्यावरची अॅड-ऑन, म्हणजे जादा कव्हर. फरक पडतो तो तिथे. तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तीच अॅड-ऑन टाकून ऑनलाइन आकडा काढा आणि स्क्रीनशॉट दाखवा. १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर तुमच्याकडे आधीपासून असेल तर ते दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही, ती ओळही काढता येते.

वारणाकाठची_सुजाता

हिशेबी, इथे मी थोडी वेगळी आहे. ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून कव्हर कापू नका, निदान सांगलीत तरी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. कृष्णेचं पाणी रात्रीत चढलं. ओसरल्यावर बघितलं तर डॅशबोर्डवर चिखलाचा थर, सीटच्या फोमला दाबलं की पाणी येत होतं, आणि ग्लोव्ह बॉक्समधली कागदं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. शेजारच्या मुलाने त्याची गाडी चालू होते का म्हणून चावी फिरवली. पाणी शिरलेल्या इंजिनात चावी फिरवली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत. आम्ही हात न लावता टो करून नेली. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं होतं. क्लेम शोरूमच्या वर्कशॉपनेच पुढे नेला, फोन त्यांनीच केले, कारण विमा त्यांच्यामार्फत होता. त्या महिन्यात सगळं शहर रांगेत उभं होतं, तेव्हा याची किंमत कळते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही गाडी आदल्या दिवशीच विश्रामबागला भावाकडे नेऊन ठेवली.

म्हणून सांगते, डीलरकडून घ्या की बाहेरून, झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्या. आणि बाहेरून घेणार असाल तर त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत तुमचं वर्कशॉप आहे का, ते पैसे भरायच्या आधी बघा.

हिशेबी

सुजाताताई, शंभर टक्के मान्य. कव्हर कापायचं नाहीच, तेच कव्हर कमी पैशांत मागायचं. डीलरने ऑनलाइनच्या जवळपास आकडा आणला तर त्याच्याकडूनच घ्यावा, तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी. माझ्या ओळखीत बहुतेकांना तो आणून मिळाला आहे.

निळू_फोंडा

अवांतर: गोव्यात आमच्याकडे चतुर्थीच्या आधी सगळ्यांना गाडी हवी असते आणि नंतर शोरूम रिकामी. मी मुद्दाम नंतर गेलो. चहा मिळाला, बसायला खुर्ची मिळाली आणि हवा तो रंगही मिळाला.

अनघा_कराड

अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, या दिवशी डिलिव्हरी हवी म्हटलं की भाव करायची ताकद आपणच सोडून देतो. पितृपक्षात शोरूमवाला स्वतः फोन करतो. २०२५ चा पितृपक्ष वेगळा होता. तो २१ सप्टेंबरला संपला आणि २२ ला, घटस्थापनेच्या दिवशी, नवा जीएसटी लागू झाला. तेव्हा सगळेच थांबले होते आणि मग एकदम झुंबड उडाली. वेटिंगचा मोठा भाग त्या लाटेचा आहे असं मला वाटतं.

देशमुख_विटा

आमच्या आईला पितृपक्षात गाडी घरात आलेली चालणार नाही. पैसे वाचले तरी वर्षभर ऐकावं लागेल.

अनघा_कराड

मग बुकिंग आणि भाव पितृपक्षात करा, कागदावर लिहून घ्या, आणि डिलिव्हरी घटस्थापनेला. आईही खूश.

माजी_सेल्स

महिनाअखेरीबद्दल लोक बोलतात त्यात तथ्य आहे. मोठं टार्गेट मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतं. डिसेंबरमध्ये सूट चांगली मिळते, कारण १ जानेवारीला यार्डातली गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी घेणार असाल तर फॉर्म २१ (डीलर देतो तो विक्रीचा दाखला) वरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. मागच्या वर्षीची असेल तर तशी सूट मिळालीच पाहिजे, कारण विकताना समोरचा माणूस आरसीवरचं वर्षच बघणार.

आणि बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यातच भरा. सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयासुद्धा नको. पावतीवर व्हेरियंट, रंग, अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या. किंमत बुकिंगच्या दिवसाची नाही, डिलिव्हरीच्या दिवसाची लागते. ते फॉर्मवर बारीक अक्षरात असतं. म्हणून वेटिंग लांबणं हे फक्त कंटाळ्याचं काम नाही, मध्ये दर वाढले तर ते तुमच्या खिशातून जातात.

चाकोरी

पेट्रोल का घेत नाही? वेटिंग कमी आहे, आणि २६५ लिटरची डिकी पूर्ण मिळते. सीएनजीत टाकीच बसते तिथे.

हिशेबी

रोज सांगली-कोल्हापूर करणाऱ्याला सीएनजीच परवडते. शिवाय पेट्रोलला रोड टॅक्स ११ टक्के आहे, सीएनजीला ८. साडेसात लाखांच्या गाडीवर साडेबावीस हजारांचा फरक इथेच पडतो. गाडी कमी चालवणार असतील तर तुमचं म्हणणं बरोबर.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून खिशात घालून गेलो होतो. काय झालं ते सांगतो.

पहिल्या शोरूममध्ये आरटीओची ओळ फोडून मागितली. आधी 'सिस्टीममधूनच येतं' म्हणाले. मी हिशेबींचा हिशेब कागदावर मांडला, ८ टक्के, ६००, २००, १,५००. मॅनेजर आत गेला, बाहेर येऊन ६३,५०० केले. हँडलिंग मात्र काढायला तयार नाहीत, आणि चेसिस नंबर विचारल्यावर विषय बदलला. तिथून उठलो.

कोल्हापूरच्या शोरूमचं कोटेशन सुजाताताईंनी सांगितलेल्या दोन्ही कव्हरसह मागवलं. विमा ३९ हजार, हँडलिंग शून्य, किट ऐच्छिक. मी फक्त मॅट आणि मडफ्लॅप घेतले. पांढरी सहा ते आठ आठवडे. पण राखाडीची एक गाडी कंपनीतून निघाली आहे. तिचा चेसिस नंबर त्यांनी न मागता कोटेशनवर लिहून दिला. राखाडी मला चालते, घरात बायकोला पांढरी हवी होती, तिनेच ठरवलं की दोन महिने बसच्या गर्दीत काढण्यापेक्षा राखाडी बरी. बुकिंग केलं, पैसे डीलरच्या खात्यात, पावतीवर सगळं लिहून घेतलं.

पहिल्या शोरूमच्या रांगेबद्दल कंपनीच्या ग्राहक सेवेला पत्र पाठवलं आहे, कोटेशनच्या प्रतीसह. मी बाहेर पडलो म्हणून विषय संपत नाही. माझ्या आधी ज्यांनी तिथे नंबर लावला आहे ते अजून थांबलेत. ज्यांना असाच अनुभव आला असेल त्यांनीही लिहून पाठवा, तोंडी तक्रारीचं काही होत नाही.

स्टेपनी

अभिनंदन! पेढे कोल्हापूरचे की सांगलीचे?

माजी_सेल्स

अभिनंदन. आता पूर्ण रक्कम भरायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा, आणि दिवसाउजेडी. संध्याकाळी शोरूमच्या दिव्याखाली रंगातला फरक आणि ओरखडे दिसत नाहीत. कोटेशनवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून घ्या. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी सारख्याच सुमाराची आहेत का बघा. ओडोमीटर, बॅटरी, काचांवरचा मार्क, दारांच्या कडा, सगळं बघा. सीएनजीवर चालवून बघा, पेट्रोलवरून सीएनजीवर जाताना झटका बसतो का ते कळेल. आणि नोंदणी होऊन नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, ते कितीही 'घेऊन जा, नंबर मागून येईल' म्हणाले तरी.

कृष्णाकाठ

लिहून घेतलं. शनिवारी सकाळी यार्डात जातोय. सीएनजी टाकीच्या कागदपत्रांत काय काय बघायचं?

हिशेबी

कंपनी फिटेड आहे म्हणजे आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं यायला हवं, ते आणि पॉलिसीवरचं इंधन जुळतंय का बघा. पॉलिसीवर नुसतं पेट्रोल पडलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी अडवतात. टाकीच्या तपासणीची तारीख प्लेटवर असते, तिचा फोटो काढून ठेवा. दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते.